कापायचं नाय, मावशी

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आईला बिडकीनहून शहरात, छावणी भागातल्या एका सर्जनकडं नेलं. आई गावभर निरोप घेऊनच निघाली होती. खिडकीच्या उजेडात गुडघ्याचा एक्स-रे न्याहाळून डॉक्टर म्हणाले, "कापायचं नाय, मावशी. नव्या संशोधनात दिसलंय, अशा गुडघ्याला व्यायामानंही तेवढाच गुण येतो."

"मग आतापर्यंत ज्यांचे कापले, त्यांचं काय वो?" आईनं विचारलं.

"तेव्हा ठाऊक नव्हतं," ते मोकळेपणानं म्हणाले. "हात तर अजूनही शिवशिवतात माझे. पण हाताचं ऐकू का पुराव्याचं?"

आणि फरशीवर बसकण मारून ते स्वतःच पाय उचलून दाखवू लागले. आईला हसू आवरेना.

त्या दिवाळीत आई मांडी घालून करंज्या लाटायला बसली, आणि कुणाचाही आधार न घेता उठली.