ओली चुंबळ
ओल्या जुन्या लुगड्याचा वास आला की मला दुष्काळातली ती शर्यत आठवते. माझे तळवे सपाट, धावलं की टाच ठणकायची, आणि तालुक्यात पहिली आले तर वसतिगृहात जागा मिळेल असं सर म्हणाले होते. आई तेव्हा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. त्या सकाळी तिनं पाटीखाली डोक्यावर ठेवायची तिची जुन्या लुगड्याची चुंबळ सोडली, फाडून दोन घड्या केल्या, भिजवून पिळल्या आणि शाळेच्या कॅनव्हास बुटांत माझ्या तळव्याखाली बसवल्या. "कोरडी सरकती. ओली हालत न्हाय," ती म्हणाली. खरंच हलली नाही. टाचही दुखली नाही. पण ओल्या कापडानं दोन्ही तळव्यांना फोड आले आणि मी लंगडत सगळ्यांच्या मागून पोचले. संध्याकाळी आई कामावरून येऊन भिंतीला टेकली. शर्यतीचं तिनं विचारलंच नाही. "टाच दुखली का गं?" "न्हाय." "मग बरं झालं," म्हणत तिनं मान हातानं धरून डोळे मिटले. दिवसभर तिनं उघड्या डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. परवा डॉक्टरांनी माझ्या बुटांत मऊ सोल बसवले आणि विचारलं, "आता कसं वाटतंय?" माझा हात मानेवर गेला.