शेवटची मिरची

हे लिहिनारच नव्हती मी, पन राह्यवलं नाई. आमच्या इंझोरीच्या शाळेत भागवत सर चौथीले शिकवतात. माह्या बहिनीच्या, रुचिकाच्या गटानं शाळेच्या बागेतल्या मिरच्यायच्या ओळीसाठी बादलीले सलाईनची नळी जोडून ठिबक बनवलं. पन शेवटच्या मिरचीपर्यंत पानी जाईचना, रोप सुकून राह्यलं होतं.

"सर, आमच्या वावरात तं बराबर जाते!" रुचिका रडकुंडीले आली.

"तिथं पानी कोन ढकलते?"

"मोटर."

"मंग इथं?"

पोट्टे जमिनीवरच्या बादलीकडं पाह्यत राह्यले. मंग सगळ्यायनं मिळून बादली बाकावर चढवली. शेवटच्या मिरचीपाशीबी टप... टप!

"सर, तुमाले आदीच मालूम होतं ना?" रुचिकानं इचारलं.

"होतं व माय! पन रोप मरते का काय म्हनून मीबी घाबरलो होतो!"

आता त्या मिरचीले फुलं आले. सुट्ट्या लागाच्या आदी सरांले भेटून या ना, लवकर! काही इचारसान तं ते तुमालेच इचारतीन.