खंडेनवमीला कंप्युटर खोलले तवा

एक बी चालू व्हईना.

पयल्याचं बटन दाबलं, पंखा घुं करून फिरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली आन् पळता पळता मधीच थिजली. दुसऱ्याचं दाबलं, ते बी तसंच. तिसऱ्याला तर नुसती रेघ लुकलुकत बसली. मी रांगेनं बटनं दाबत गेले, कडंवर लेक, तिनं माझ्या कानातला डूल धरून वढल्याला. सगळ्या डब्यांच्या कपाळाला हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल, आन् आत सगळी गपगार.

"आबा!" मी वरडले. "आबा, मशीनं गेली वो!"

आबा म्हंजे ज्यांचा क्लास ते. पलटणीतनं सुभेदार हून रिटायर झाल्यालं, आन् साताऱ्यात ष्टँडाच्या मागं, पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर त्यांनी कंप्युटरचा क्लास काढल्याला. मी तितं झाडलोट करायची, पोरं यायच्या आत मशीनं चालू करायची, पोरं गेली की बंद करायची. माझी शाळा नववीतच सुटली. पर आमचे हे आबांच्याच पलटणीत हायत, लांब बर्फात, म्हणून आबांनी मला ठिवून घेतलं आन् लेकराला संगट आणायला बी ना केली न्हाई.

आन् नेमकं त्याच दिवशी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं सायब क्लास बगायला येणार व्हतं. पसंत पडलं तर कारखान्यातली माणसं आमच्याकडं शिकायला येणार. न्हाई पडलं तर दिवाळीनंतर क्लास बंद, हे आबांनी मला सोता सांगितल्यालं. क्लास बंद म्हंजे माझं साताऱ्यात ऱ्हाणं बंद. पलूसकडनं मामंजींचा निरोप आलाच व्हता, नोकरी हाय तवर ऱ्हावा, न्हाई तर लेकरू घिऊन गावाकडं या. गावाकडं ऊस हाय, म्हशी हायत, खायाला कमी न्हाई, मी त्यास्नी वंगाळ बोलत न्हाई. पर हितं क्लासात शिकवणारं सर मला मोकळ्या येळंला खुर्चीवर बसवून टायपिंग शिकवायचं. तितं मला कोण खुर्ची देणार व्हतं?

आबा पळत आलं. त्यांनी बी दोन बटनं दाबली. मग सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसला.

"कुंकू आत गेलं का काय गं?"

"न्हाई वो आबा, मी बाहीरनंच लावलंय."

"मग काय झालं? काल तर चांगली व्हती!"

काल चांगली व्हती, ते खरं. पर काल संध्याकाळी आमी ती खोलली व्हती.

त्याचं असं, खंडेनवमीला हत्यारं पुजायची. आमच्यात नांगर, कुळव, कोयतं सगळं धुऊन पुसून मांडत्यात. आबा म्हणालं, पलटणीत हत्यार नुसतं वरनं पुसून पूजेला ठेवलं तर हवालदार कानाखाली जाळ काढायचा. हत्यार खोलायचं, एकेक पार्ट साफ करायचा, कांबळ्यावर रांगेत मांडायचा, मग पूजा. "आता आपलं हत्यार हेच," आबा म्हणालं आन् पेचकस घिऊन बसलं. सर सणाला म्हणून सकाळीच सांगलीला घरी गेल्यालं, त्यामुळं अडवणारं कुणी नव्हतं. आबांनी डबं उघडलं, आतनं वायर लावायची कार्डं काढली, मी त्यांवरची धूळ रंगाच्या कोऱ्या ब्रशनं झाडली, आन् आबांनी ती कांबळ्यावर अशी वळीत मांडली की बगत ऱ्हावं. सगळी सारखीच. हिरवी पट्टी, एक काळी चिप, वायरीचं भोक. मग ज्या डब्यात जे हाताला येईल ते बसवलं आन् पेच आवळलं. वरनं कशी लख्ख दिसत व्हती.

"सरांना फोन लावा," मी म्हणाले.

सरांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्यांचा पीपी नंबर व्हता. आबांनी लावला. पलीकडं एक बाई.

"अहो, सणाचं काय काम काढलंय? ते आंघोळीला गेलेत."

"तसंच ओल्या अंगानं बोलवा! सुभेदार बोलतोय म्हणावं, साताऱ्यासनं!"

सर आलं. फोन आबांच्या खोलीत, मशीनं पलीकडल्या हालमधी, वायर पोचत न्हाई. म्हणून आबा फोन धरून, मी दारात, लेक कडंवर. सर काय म्हणत्यात ते आबा परेडच्या आवाजात मला सांगत्यात.

"सर इचारत्यात, कार्डं काढली का!"

"काढली!"

"कशाला म्हणत्यात!"

"आता ते तुमीच सांगा की आबा!"

आबा फोनमधी बारीक आवाजात म्हणालं, "पूजेला." फोनला कान लावून आबांचं तोंड उतरत गेलं. शेवटी त्यांनी फोन माझ्याच हातात दिला, "तूच ऐक, माझं डोस्कं चालंना."

सर चिडलं न्हाईत, उलट हळूच बोललं, त्यानं मला जास्तीच भ्या वाटलं. ते म्हणालं, "हे बघा ताई, आपल्या मशीनींत डिस्क नाही. चालू झाली की ती वायरीनं सर्व्हरला विचारतात, मी कोण, मला काय चालवायचं? सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातलं मोठं मशीन. तो डबा बघत नाही, कार्डाचा नंबर बघतो. रेशनच्या दुकानात बघा, तोंड नाही बघत, कार्डावरचा नंबर बघतात. तसंच."

मी हूं हूं करत व्हते. लेक फोनची वायर चावत व्हती.

"आपल्याकडं जुनी मशीनं आहेत आणि नवी आहेत. जुन्यांना छोटा प्रोग्रॅम पाठवायचा, नव्यांना मोठा. कुठल्या नंबरला कुठला, ते मी सर्व्हरात लिहिलंय. आता तुम्ही कार्डं बदललीत. नव्यांची कार्डं जुन्यांत गेली, जुन्यांची नव्यांत. सर्व्हरला वाटतंय नवंच मशीन आहे, तो मोठा प्रोग्रॅम ढकलतोय, जुन्याला तो पेलत नाही, मधीच अडकतं. आणि नव्याला छोटा मिळतोय, ते काळा पडदा दाखवून बसतं."

मी हे आबांना जमंल तसं सांगितलं. आबा स्टुलावर बसलं.

"म्हंजे आपुन बोल्ट बदललं," ते म्हणालं.

"काय बदललं?"

"रायफलीचा बोल्ट असतो ना, त्यावर त्याच रायफलीचा नंबर असतोय. साफ करताना ह्याचा बोल्ट त्याच्यात घालायचा न्हाई. रिक्रुट पोरांना मी हेच बोंबलून सांगत आलो, हीच पयली शिकवन. आन् सोताच..." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आलं आन् रडू बी आलं. येळ कुठं व्हता कशालाच.

मी फोनमधी म्हणाले, "सर, परत काढून बदलू का?"

"कुठलं कुठल्याचं, खूण केलीय?"

"न्हाई वो."

"मग राहू दे. कार्डं तशीच ठेवा, सर्व्हरातलं लिहिलेलं बदला. प्रत्येक मशीन चालू करा, पडद्यावर कार्डाचा नंबर येतो, त्याची शेवटची चार अक्षरं बघा. सर्व्हरवर तोच नंबर शोधा. त्या ओळीच्या शेवटी, मशीन जुनं असेल तर ओएलडी, नवं असेल तर एनईडब्ल्यू. बाकी कशाला हात लावू नका. एक ओळ जरी पुसली गेली तरी ते मशीन सर्व्हरला ओळखूच येणार नाही."

सरांनी मला फाईल कशी उघडायची, आधी तिची नक्कल कशी करून ठेवायची, सगळं बटन बटन सांगितलं. मी म्हणाले, "सर, माझी नववी झालीय." ते म्हणालं, "ह्यात आकडे आहेत आणि ए ते एफ एवढीच अक्षरं. तेवढं येतं ना?" येत व्हतं. पर घाईत ई दाबायचा तर आर पडायचा.

मग सुरू झाली पळापळ. मी मशीन लावायची, अक्षरं थांबली की नंबर तोंडानं घोकायची, घोकत घोकत सर्व्हरपतूर पळायची, मधी लेक रडली की नंबर इसरायची, परत पळायची. आबा दारात हुभं, "लेफ्ट राईट, जल्दी जल्दी!" मी म्हणाले, "आबा, वरडू नगा, लेकराला घ्या!" तर त्यांनी तिला बंदूक धरल्यागत सरळ धरली. ती जास्तीच बोंबलाय लागली. मला एकेक ओळ दिसायची आन् वाटायचं, आता ही पुसली, आता गेलं सगळं, आता मामंजी खाली रिक्षा घिऊन हुभंच हायत.

पयलं नवं मशीन चालू झालं तवा मी खुर्चीला धरून हुभी ऱ्हायले. पडद्यावर रंग आलं. मग दुसरं नवं. नवी सगळी झाली. जुन्यांतली बी काय झाली. मागची रांग ऱ्हायली व्हती.

आन् जिन्यावर बुटं वाजली.

आबांनी लेक माझ्याकडं दिली आन् कानात म्हणालं, "मागल्या रांगेचं मी बगतो. तू फकस्त हो म्हण."

सायब आलं. गोरं, चष्मेवालं, मवाळ. पूजेला नमस्कार केला, पुढच्या रांगेत बोटानं बटनं दाबून बगितली. सगळं गुण्यागोविंदानं चाललं. मग मागं गेलं.

"ही बंद आहेत?"

आबा ताठ हुभं ऱ्हायलं. "सायब, आज खंडेनवमी. पुजल्यालं हत्यार आमी चालवत न्हाई. तुमच्यासाठी पुढची लावली, मागची देवाची."

सायबांनी मान हलवली. त्यांच्या कारखान्यात बी यंत्रांची पूजा झालीच असंल. त्यास्नी पटलं व्हतं, मला दिसत व्हतं. जायलाच वळलं व्हतं ते. मग कोण जाणं काय वाटलं, माझ्याकडं बगून म्हणालं, "चालू तर तुम्हीच करता ना? सगळी नीट चालतात?"

माझ्या तोंडात हो आलं व्हतं. पर मी मागल्या रांगेकडं बगितलं. उद्या ह्यांची माणसं येऊन बसली आन् ती रांग अशीच थिजली, तर पुढं हुभी कोण असणार? सर सांगलीला, आबा खोलीत, मीच की. आन् डब्यांवरचं कुंकू आजून वलं व्हतं, त्याच्यापुढं खोटं कसं बोलू?

"न्हाई सायब," मी म्हणाले. "कार्डं इकडची तिकडं झाल्यात. चालत्यात, पर येळ लागंल."

आबांनी माझ्याकडं बगितलंच न्हाई. सायब खुर्ची वढून बसलं. म्हणालं, "लावा मग."

मी लावली. त्यांच्या डोळ्यांपुढं, लेक मांडीवर घिऊन. एक सोडून सगळी लागली. ते एक काय केलं तरी लागंना. सायब म्हणालं, "कळवतो," आन् गेलं.

दिवाळीनंतर कळवलं. नव्या मशीनींपुरतीच माणसं पाठवतो म्हणालं, जुन्यांवर भरवसा वाटत न्हाई. म्हंजे अर्धीच. क्लास ऱ्हायला. मी बी ऱ्हायले, पर अर्ध्याच दिवसाच्या कामावर, आन् मामंजींनी अजून हो म्हणल्यालं न्हाई, नुसतं बगू म्हणत्यात. आबा पार बोलायचं बंद झालं न्हाईत, पर कुणी पाव्हणा आला की माझ्या देखत सांगत्यात, "हिनं त्या दिवशी तोंड मिटलं असतं तर आख्खा कारखाना आला असता." आन् खरंच आला असता का, मला कळत न्हाई. आला असता आन् पुढं अडला असता तर, ते बी कळत न्हाई. मी रोज सकाळी बटनं दाबताना हाच इचार करत असते.

तुमची नववी झाल्याली, लेकरू कडंवर, ज्यांनी आसरा दिला ते शेजारी हुभं, आन् सायब तुमच्याकडं बगून इचारतोय, सगळी नीट चालतात? तुमी काय म्हणला असता?