विद्याचा डबा

१४ मार्च. कार्डिफच्या स्वयंपाकघरातलं कपाट आवरताना विद्याचा स्टीलचा डबा हाती लागला.

बारा वर्षांपूर्वी लंडनमधल्या स्टॅनमोरचं भाडं झेपेना, म्हणून आम्ही दोन लहान मुलांना घेऊन इकडे आलो. व्हॅन निघणार, तोच शेजारची विद्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन धावत आली. अजून गरम होता, ओव्याचा वास येत होता.

"अगं, आता हा कुठे ठेवू?" मी वैतागले.

"मांडीवर! आणि परत द्यायला तूच यायचंस. रिकामा आणलास तर बघ."

"येते पुढच्या महिन्यात," मी म्हणाले. घाईत तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. नंतर जाणं झालंच नाही. विद्या अजून तिथेच राहते.

१५ मार्च. सकाळी बेसनाचे लाडू भरले आणि लंडनच्या ट्रेनमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले.