दुरुस्तीला गेलेली खुर्ची

आमचे हे गेले आणि माझा जप कोरडा पडला. माळ बोटांतून फिरायची, एकशे आठ मणी व्हायचे, पण आत काही हलायचं नाही. पन्नास वर्षं मी दत्तगुरूंचे गुरुवार केले. आजारपणात केले, बाळंतपणात केले, मुलाकडे राहायला गेले तरी सोडले नाहीत. आणि आता आरतीला उभी राहिले की मनात एकच यायचं, तू ऐकतोस तरी का रे? मी काही शिकलेली बाई नाही. सातवीनंतर जे वाचलं ते देवळातल्या पोथ्यांत आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. तेव्हा बोलते तसंच लिहिणार आहे. आणि खरं लिहायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बिबवेवाडीत आमच्या दत्तमंदिराच्या मागे दोन खोल्या आहेत. तिथे मी, कुसुमताई आणि भजनातल्या आणखी चार-पाच जणी मिळून आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तूंचं केंद्र चालवतो. वॉकर, काठ्या, चाकाच्या खुर्च्या, डोक्याकडून उचलता येणारी कॉट, असं जे चार-सहा महिनेच लागतं आणि विकत घ्यायला जड जातं, ते इथून न्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं. पैसे नाहीत. हे सगळं येतं आसपासच्या घरांतूनच. कुणाचं वर्षश्राद्ध असलं की घरचे जेवणावळ आटोपशीर करतात आणि एक हवेची गादी आणून देतात. एक बाई जुन्या साड्यांच्या खोळी शिवून देते. कोपऱ्यावरचा सायकलवाला चाकांचं तेलपाणी फुकट करतो आणि वर आम्हालाच ऐकवतो, "आजी, माझ्या सायकलींपेक्षा तुमच्या खुर्च्या जास्त गाव फिरतात!" भिंतीवर कुसुमताईंच्या अक्षरातली पाटी आहे: 'वस्तू धुऊन परत आणावी. न धुतलेली देवाला दिसते, आणि त्याच्या आधी आम्हाला.'

आमच्या दोन रीती आहेत. वस्तू बाहेर पडताना तिला हळदकुंकू लावायचं, चाक असलं तर ते हाताने एकदा फिरवायचं आणि म्हणायचं, सुखाने जा, लवकर परत ये. आणि परत आणणाऱ्याने सोबत जमेल ते काहीतरी आणायचं. साबणाची वडी आणा, टॉवेल आणा, नाहीतर दोन तास येऊन झाडलोट करा. परत येण्याची कारणं दोनच असतात. ती आम्ही विचारत नाही, आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतात.

ह्यांची शेवटची दीड वर्षं चाकाच्या खुर्चीत गेली. खुर्ची केंद्राचीच होती, कुणीतरी दिलेली, पाठीवर पांढऱ्या रंगात केंद्राचं नाव. तिचा उजवा ब्रेक लागायचा नाही, म्हणून मी चाकामागे अर्धी वीट ठेवायची. हे गॅलरीच्या दाराशी बसून खालच्या वाहनांना नावं ठेवायचे. हे गेल्यावर पंधरा दिवसांत ती खुर्ची परत जायला हवी होती. बाकीच्यांना फोन करून "अहो, वस्तू आणताय ना?" असं विचारणारी मीच. पण मला कोण विचारणार? कुसुमताई एकदाच म्हणाल्या, "वहिनी, सावकाश आणा हो." त्या सावकाशीत नऊ महिने गेले. खुर्चीवर ह्यांची शाल तशीच होती. गुरुवारी देवाला फूल वाहायच्या आधी एक फूल मी त्या शालीवर ठेवायची. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता देऊन टाक," तर दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

एका सोमवारी दुपारी केंद्रात मी एकटीच होते. पस्तिशीची एक मुलगी आली, सुनीता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कपाळावर घाम. तिचे वडील खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांना अर्धांगाचा झटका आला म्हणून तिने त्यांना इथे आपल्या भाड्याच्या घरी आणलं होतं. ती सांगायला लागली, "डॉक्टर म्हणतात, पहिले तीन महिने व्यायाम चुकवायचा नाही, जे काय सुधारेल ते आत्ताच. मी आणि माझा नवरा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाबांना उचलून व्यायामाला नेतो. काल रस्त्यातच खुर्चीचा पाय मोडला. सगळे बघत होते. आता बाबा म्हणतात, मी कुठेच येणार नाही." आमच्या दोन्ही खुर्च्या बाहेर गेलेल्या होत्या. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण सायकलवाले काका म्हणाले, तीन आहेत."

आणि मी म्हणाले, "तिसरी दुरुस्तीला गेलीय."

किती सहज आलं तोंडातून! देवाच्या भिंतीला पाठ लावून बसले होते मी. ती म्हणाली, "कधी येईल?" मी म्हणाले, "सांगता येत नाही गं." तिने चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला, "आली की कळवा हं आजी," म्हणाली आणि गेली. ती चिठ्ठी मी कमरेला खोचली आणि घरी येऊन देवघरात, माळेच्या डबीखाली ठेवली. जणू देवाच्या जवळ ठेवली की आपलं काम संपलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. माळ घ्यायला डबी उचलली की खाली तो नंबर दिसायचा. खुर्चीकडे बघितलं की हे दिसायचे, आणि ह्यांच्या मागे रस्त्यात मोडलेल्या खुर्चीतून पडलेला एक म्हातारा माणूस दिसायचा. देते म्हणून उठायची आणि शालीला हात लावला की पुन्हा खाली बसायची.

गुरुवारी सकाळच्या आरतीला गेले. सगळे गेल्यावर गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्याच्याने होत नाही रे. मला कळतंय, पण हात सुटत नाही. आता तूच काय ते कर." ह्यांच्या जाण्यानंतर देवाशी मी खरं बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

परत निघाले. उपास होता, ऊन तापलेलं. भाजीच्या गाडीपर्यंत आले आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. गाडीचा कठडा धरायला हात पुढे केला तो हवेतच राहिला. तेवढ्यात कुणीतरी दंडाला घट्ट धरलं. "आजी, माझ्यावर भार टाका. टाका, मी धरलंय." डोळे उघडले तर सुनीता. कामावर जाताना ती रोज पुढच्या थांब्यावर उतरते. त्या दिवशी रस्ता खणलेला होता, तसा तो केव्हा खणलेला नसतो म्हणा, म्हणून बसवाल्याने सगळ्यांना अलीकडेच उतरवलं होतं. मी म्हणत होते, "मी जाईन गं, तू जा कामाला." तिला घरी आणायचं नव्हतं मला. ती ऐकेना. रिक्षा केली, लिफ्टमधून वर आणलं, माझ्या हातातली किल्ली घेऊन दार उघडलं. आत आलो. समोर जे बसायला होतं त्यावर तिने मला बसवलं.

खुर्ची मागे सरकायला लागली. तिने झटकन चाकामागे पाय घातला. "उजवा ब्रेक गेलाय हिचा," असं म्हणत ती बाजूला पडलेली वीट सरकवायला मागच्या बाजूला वाकली आणि तशीच थांबली. पाठीवरचं नाव तिने वाचलं हे मला न बघताही कळलं. मी शालीचं टोक मुठीत धरून बसले होते. धरणीमाते, पोटात घे, असं नुसतं म्हणतात. त्या दिवशी मी ते मनापासून म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली. लिंबू कुठे, साखर कुठे, एवढंच विचारलं. सरबताचा पेला माझ्या हातात दिला, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "दुरुस्त होऊन आली वाटतं खुर्ची."

आम्ही पुण्याची माणसं. टोमणा आम्हाला दुरून वासावर कळतो. मी तिच्या चेहऱ्यावर तो शोधला, आणि तो नव्हता. एका म्हाताऱ्या बाईला खोटेपणातून बाहेर पडायला तिने दार उघडून दिलं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला रडू फुटलं. म्हटलं, "दुरुस्तीला गेलीच नव्हती. मी खोटं बोलले तुझ्याशी. ह्यांची आहे म्हणून ठेवली होती. त्यांची सुद्धा नाही गं, लोकांनी दिलेली आहे."

तिने माझ्या हातातला पेला घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा तिच्या चपला आम्ही वर्षभर दाराशी ठेवल्या होत्या. बाबा रोज पुसायचे. चपला मागायला कुणी येत नाही आजी, एवढाच फरक."

त्याच दुपारी ती आणि तिचा नवरा खुर्ची न्यायला आले. तोवर मी ती धुतली, पुसली. शाल घडी करून कपाटात ठेवली. खुर्चीच्या खिशात ह्यांचा एक रुमाल सापडला, तो ठेवून घेतला. रुमाल केंद्राचा नव्हता. हळदकुंकू लावलं, चाक फिरवलं आणि म्हटलं, सुखाने जा. 'लवकर परत ये' हेसुद्धा म्हटलं. कुसुमताईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं हो वहिनी. तुम्ही आणणार हेही ठाऊक होतं. फक्त मी गेल्यावर आणताय की काय, एवढीच धास्ती होती."

पुढे मी सुनीताच्या घरी जायला लागले. त्यांच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, तिच्यासमोर रोज ताजं फूल असतं. तिचे बाबा व्यायामाला जायला लागले होते. खुर्चीत ताठ बसायचे, कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, अर्धे शब्द तोंडात अडकायचे तरी थांबायचे नाहीत. मी म्हणायची, "सावकाश बोला दादा, मला कुठे गाडी पकडायचीय?" ते हसायचे, तोंडाच्या एकाच बाजूने. घरी आले की माळ घ्यायची. आता ती फिरताना आत काहीतरी हलायचं. कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही.

साडेतीन महिन्यांनी सुनीता खुर्ची परत घेऊन आली. तिच्यामागून वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, दादा स्वतः आले. खुर्ची पाटीप्रमाणे धुतलेली होती. कुसुमताईंनी विचारलं, "सोबत काय आणलंत?" दादांनी मला बोटाने खुर्ची दाखवून बसायला सांगितलं. मी बसले. त्यांनी उजवा ब्रेक दाबला आणि सुनीताला म्हणाले, "ढकल." तिने ढकललं. खुर्ची जागची हलली नाही. चांगल्या असलेल्या एका हाताने, रोज थोडं थोडं, त्यांनी तो ब्रेक नीट केला होता. व्यायामाच्या बाईंनी दुसऱ्या हातालाही काम द्यायला सांगितलं होतं, म्हणून स्क्रू धरायला तो घेतला होता.

मी त्या खुर्चीत बसून राहिले. दुरुस्तीला गेलीय, असं मी खोटं बोलले होते. देवाने माझं खोटं उचललं आणि खरं करून परत आणून दिलं. रस्ता खणलेला होता म्हणून सुनीता भेटली असं कुणी म्हणेल, तर म्हणो. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की मी माझ्याच्याने होत नाही असं म्हटलं आणि त्याच वेळी कुणीतरी दंडाला धरून सांगितलं, माझ्यावर भार टाका. आपण देतो असं वाटतं, पण आपल्या हातात असतं ते आधी दुसऱ्या कुणीतरी सोडलेलं असतं. आपण नुसती मूठ उघडायची. ती उघडायला सुद्धा त्याचीच मदत लागते, आणि ती मागायला लाज कसली.

दुसऱ्याच दिवशी खुर्ची आणखी एका घरी गेली. चाक मी फिरवलं. घरी येऊन, अजून तिथेच पडलेली ती चाकामागची अर्धी वीट उचलली आणि गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवली. कुंडी केव्हाची एका बाजूला कलत होती, आता सरळ उभी आहे.