कमलबाईंनी माझी ओसरी घेतली

शेवटच्या दिवशी कमलबाई माझ्याच ओसरीवर विडीच्या तेंदूपानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. एका पुड्यात सत्तर पानं. मी त्यांचा पुडा सोडून पुन्हा मोजला. एकाहत्तर निघाली.

"भाऊ, एक पान जास्त गेलं तं जंगल रडते काय?"

"फळीवर पानं विकत घेणारा पुडा फेकून देते, बाई."

ओसरीवर एवढंच बोलणं झालं. सिरोंच्याकडे बदली झाली होती, चारच्या एस्टीने त्या जाणार होत्या.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात त्या शाळेवर आल्या होत्या. उन्हाळ्यात बायका पहाटे जंगलातून पानं तोडून आणत आणि सकाळी माझ्या ओसरीवर बांधत. बाईंनी तिथेच वर्ग सुरू केला. हात पानात, डोळे पुस्तकात. हंगाम संपला तरी वर्ग चालूच. माझी यशोदा पन्नाशीत वाचायला शिकली. मग तिचे पुडे चुकू लागले. मी ओरडायचो. बाई म्हणायच्या, "मोजणी उद्या सुधरते, भाऊ. पण अर्ध्यात सोडलेली ओळ माणसाले घरी बसवते."

खोटं कशाला लिहू, मी जळत होतो. माझ्याशी यशोदा मीठ संपलं, बैल लंगडतो, एवढंच बोलायची. बाईंशी मात्र गोष्टीतली राणी अशी काऊन वागली, यावर तासभर. ती हसली की मी आतून पाणी मागायचो. तहान नसायची.

एकदा तोंडावर म्हणालो, "माह्या बायकोले तुमी माह्यापासून तोडून राह्यल्या."

"तुमी किती शिकले, भाऊ?"

"चौथी."

"मंग लग्नाची बत्तीस वर्षं काय करून राह्यले होते?"

त्यानंतर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

गेल्या पावसाळ्यात यशोदा तापाने गेली. आदल्या दिवशी म्हणाली, "बाईले बोलवा. थोडं वाचून दाखवा म्हणा." मी उशाशीच बसलो होतो. बाई आल्या आणि त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "तुमी वाचा, भाऊ." मी मान फिरवली. त्यांनी वाचलं, ती ऐकत राहिली. ते मला अजून सहन होत नाही.

एस्टीत चढताना बाई म्हणाल्या, "माही मैत्रीण गेली, तुमची बायको गेली. आता आपलं भांडण कशाले?" मी त्यांची पेटी वर चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पानांचे भारे घेऊन आल्या आणि पुडे बांधू लागल्या. मी आतून यशोदेचं पुस्तक आणलं, त्यांच्यात जाऊन बसलो.

"काऊन भाऊ," जनाबाई म्हणाली, "आता तुमी बाई झाले काय?"

सगळ्या हसल्या. मी हसू दिलं. मग चष्मा पुसला आणि बोट ठेवून, अडखळत, पहिली ओळ मोठ्याने वाचली.