ओढ्यावर लटकलेलं चाक

कराड सोडल्यापासून आबांना चैन नव्हती. आबा, माझे वडील, फौजेत ट्रक चालवायचे. दृष्टी अधू झाल्यापासून गाडी मी चालवते आणि शेजारी बसून नसलेला ब्रेक ते दाबतात. जतकडच्या त्यांच्या फौजेतल्या जोडीदाराला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि सकाळपासून त्याच्या घरचा फोन लागत नव्हता.

त्याच्या वस्तीच्या वाटेवर एक कोरडा ओढा लागला. उतार पावसानं खचला होता. पुढचं डावं चाक खड्ड्यावर अधांतरी लटकलं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की तेच भिरभिरायचं. जमिनीवरचं उजवं मात्र ढिम्म. मग खालून करकर आवाज यायचा, समोर पिवळा दिवा लुकलुकायचा आणि मी घाबरून पाय उचलायचे.

"मी चालत जातो," म्हणत आबा उतरले. चार पावलं गेले, परत आले आणि वाकून चाकाकडं बघत राहिले.

"परत दे बरं."

मी दिला.

"पाय का काढलास?"

"आवाज येतोय, आबा. काहीतरी तुटंल."

"तुटत न्हाई. मोकळं चाक गाडी आपणहून ब्रेकनं धरतीया. ते धरलं की जोर दुसऱ्या चाकाला मिळतोय. आत्ता हाललं बघ ते. तू मधीच सोडतीस."

ते बाजूला झाले. मी पाय तसाच ठेवला. आवाज वाढला, काहीतरी तापल्याचा वास आला, तरी सोडला नाही. डावं चाक अडखळत मंदावलं, उजव्याखालचे दगड करकरले आणि गाडी हळूहळू वर चढली.

"आमच्या ट्रकला ह्याच्यासाठी दांडा असायचा," आत बसता बसता आबा म्हणाले. "ओढला की दोनी चाकं बरोबरच फिरायची. चल आता, बिगी बिगी."

वस्तीवर जोडीदार बाजेवर जागा होता. वीज नसल्यानं फोन बंद पडले होते, इतकंच. त्याचा अर्धा चेहरा ओघळला होता. तो काहीतरी बोलला. मला कळलं नाही, आबांना कळलं.

"व्हय, लेकीनं आणलं," ते म्हणाले आणि त्याचा लुळा हात चोळत बसले. मधेच उठून अंगणात फेऱ्या मारायचे, पुन्हा येऊन बसायचे.

उन्हं कलली तेव्हा मी निघायचं का विचारलं.

"मी ऱ्हातो आज."

"गोळ्या घरी हायत तुमच्या."

त्यांनी जोडीदाराचा हात पुन्हा चोळायला घेतला. शेवटी मीही थांबले आणि आत जाऊन जोडीदाराच्या सुनेला भाकरीचं पीठ मळून देऊ लागले.